आतून उभं, बाहेरून आडवं

शिवाजीरावांच्या गाडीची पुढची काच इतकी लख्ख असायची, की एकदा एक साळुंकी तिच्यावर आपटून बोनेटवर पडली होती. ही बढाई ते स्वतःच मारत, आणि साळुंकी पाच मिनिटांनी उडून गेली हेही प्रामाणिकपणे सांगत. बोईसरात काच लख्ख ठेवणं हे खायचं काम नाही. पूर्वेकडून वारा आला की रस्त्याची धूळ, पश्चिमेकडून आला की तारापूरच्या समुद्राचं मीठ. शेजारचे लोक दोनदा वायपर मारून कामाला पळत. शिवाजीराव मात्र रोज सकाळी सहाला बादली घेऊन अंगणात हजर.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी साधं पाणी, मग पाण्यात थोडं व्हिनेगर, जुन्या धोतराचे दोन तुकडे आणि शेवटी कालचा पेपर. बाहेरून हात आडवा फिरवायचा, आतून उभा. एखादी रेघ राहिलीच, तर ती आडवी की उभी एवढंच बघायचं. म्हणजे ती काचेच्या कुठल्या अंगाला आहे ते कळतं, आणि उगाच दोन्हीकडून घासत बसावं लागत नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात एकोणतीस वर्षं मीटर सांभाळलेल्या माणसालाच असलं काही सुचतं. बायको इंदुबाई म्हणायची, "माझ्या चष्म्याला कधी हात लावला न्हाई यांनी, पर गाडीचे लाड बघा."

काचेवर डाग आणि घरात जावई, या दोन गोष्टी शिवाजीरावांना सारख्याच खुपत. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, प्रियदर्शिनीनं, तीन वर्षांपूर्वी दातिवऱ्याच्या रूपेशशी लग्न केलं होतं. रूपेश मासेमारी करायचा. घरची बोट होती, स्वभाव शांत होता, व्यसन नव्हतं. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून शिवाजीराव जास्तच चिडत. कोळी जावई केला हे गावाकडं तासगावच्या भावकीत कसं सांगायचं, हा त्यांचा खरा सल होता. माघारी ते त्याला 'तो' म्हणत, आणि समोर आला तर काहीच म्हणत नसत.

नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी ते मुलीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला दातिवऱ्याला गेले. सातवा महिना होता. रस्त्याचे खड्डे बघता रूपेश म्हणाला, मीपण येतो सोबत. तो पुढं बसला, प्रियदर्शिनी मागं उशांमध्ये. केळव्यावरून पालघर, पालघरवरून बोईसर, सगळ्या वाटेत सासऱ्या-जावयात चार शब्द झाले असतील, तेही खड्ड्यांबद्दल.

घरी पोचल्यावर उतरताना रूपेशनं आधारासाठी पुढच्या काचेला आतून उजवा तळवा टेकला. रुंद तळवा, त्यावर दोरीनं पडलेला तिरपा वळ. तो जसाच्या तसा काचेवर उमटला. शिवाजीरावांनी तो बघितला आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली.

चहा घेऊन रूपेश लगेच निघाला. "उद्या पहाटे बोट काढायची हाय," तो प्रियदर्शिनीला म्हणाला. "गुरवारी येतंव." मग शिवाजीरावांकडे बघून, "निघतो, बाबा."

शिवाजीराव बादली भरत होते. रूपेशची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते, तोच त्यांनी फडकं पिळलं.

"अहो, आत्ताच गेलाय पोरगा," इंदुबाई दारातून म्हणाली. "माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढत न्हाईत, पुसापुशी करत न्हाईत. म्हाईत हाय न्हवं?"

"ह्यो केर हाय का? डाग हाय," शिवाजीराव म्हणाले, आणि उभे हात मारून त्यांनी तो तळवा पुसून टाकला.

मंगळवारी सकाळी तो परत तिथंच होता.

शिवाजीरावांना यात काही विशेष वाटलं नाही. कोळ्याचा हात म्हणजे माशाचं तेल, ते एका पुसण्यात निघत नाही. दमट हवेत काच धुरकटली की जुना ठसा वर येतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी व्हिनेगर वाढवलं आणि पुन्हा घासलं. काच कोरडी झाली तेव्हा तळवा तसाच होता, उलट वळ जास्त ठळक दिसत होता.

बुधवारी त्यांनी चष्मा लावून नीट तपासणी केली. आतून नख फिरवलं, गुळगुळीत. बाहेरून फिरवलं, गुळगुळीत. आतल्या उभ्या रेघा तळव्याच्या अलीकडून जात होत्या आणि बाहेरच्या आडव्या रेघा पलीकडून. ठसा दोन्हींच्या मधे होता. गाडीच्या पुढच्या काचेत दोन काचा चिकटवलेल्या असतात हे त्यांना ठाऊक होतं. मधल्या पदरात ओल शिरली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ओल पाच बोटं काढत नाही, हेही त्यांना कळत होतं.

आणि तो ठसा ओला होता. मधल्या बोटाच्या टोकापासून एक थेंब काचेच्या आतल्या अंगानं खाली ओघळत होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला. खारट लागला.

त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. गाडीवर कव्हर घातलं.

गुरुवारी सकाळपासून वारा सुटला. शिरगावच्या बाजूनं काळं आभाळ सरकत आलं, दुपारी पत्रे वाजायला लागले. रूपेश आला नाही. संध्याकाळी दातिवऱ्याहून त्याच्या वडिलांचा फोन आला. सगळ्या बोटी किनाऱ्याला लागल्या, आपली तेवढी नाही लागली. बोटीवर रूपेश, त्याचा चुलतभाऊ अनुज आणि जव्हारकडचा खलाशी सुका, असे तिघं होते. तटरक्षक दलाला कळवलं होतं. प्रियदर्शिनी फोन कानाला धरून ऐकत राहिली, आणि मग पोटाला हात लावून खाली बसली.

 इंदुबाईनं नुसतं नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात शिवाजीरावांना कशाची भीती वाटली नसेल, तेवढी त्या बघण्याची वाटली.

शुक्रवारी सहा वाजता ते अंगणात गेले. वारा पडला होता. त्यांनी कव्हर काढलं.

तळवा सुकत होता.

कडा पांढऱ्या पडल्या होत्या, मिठागराच्या बांधासारख्या. करंगळी जवळजवळ गेली होती. ते बघत असतानाच अनामिकेच्या टोकाचा ओलावा आत सरकला आणि तिथं नुसती पांढरी भुकटी उरली.

हे कसं होतंय ते शिवाजीरावांना समजत नव्हतं, पण तळवा पुरता सुकला की रूपेश गेला, एवढं मात्र कळलं. आपण तो हात पुसायला नको होता. साठीला आलेला माणूस, शास्त्र शिकलेला, पण त्या क्षणी त्यांना स्वतःचा फार राग आला. देवाचं नावही सुचेना. मग त्यांनी आयुष्यात जे एकच काम मन लावून केलं होतं, तेच करायला घेतलं.

बादली भरली. तळव्याला धक्का न लावता त्याच्या भोवतीची सगळी काच बाहेरून धुतली, आडवी. मग आत बसून आतून पुसली, उभी. पेपर चोळला. एकही रेघ ठेवली नाही. धावत आंघोळीच्या बादलीतलं पाणी आणून परत धुतली. पाऊण तास गेला. काच इतकी साफ झाली की ती आहे हे फक्त त्या तळव्यामुळं कळत होतं.

आणि मग त्यांना तळव्यातून पलीकडचं दिसलं.

काचेतून समोर त्यांचीच भिंत दिसत होती, तुळस दिसत होती, शेजाऱ्यांची मोटारसायकल दिसत होती. पण तळव्याच्या आकारात भिंत नव्हती. तिथं हिरवं पाणी होतं. खोल, हलणारं, वरून उजेड झिरपत असलेलं. उजेडाच्या पट्ट्या त्यात सावकाश सरकत होत्या. केवढं पाणी होतं ते. पाच बोटांएवढ्या जागेत सबंध समुद्र मावला होता, आणि तो बघताना शिवाजीरावांची भीती कुठल्या कुठं गेली. लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा जसे ते गप्प झाले होते, तसेच आता झाले.

मधलं बोट सुकायला लागलं होतं.

त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि त्या तळव्यावर ठेवला.

आधी गार लागलं. मग काचेच्या पलीकडून कुणीतरी रेटा दिला. माणसाच्या हाताचा रेटा कसा असतो ते सांगावं लागत नाही. बोटं बोटांना भिडली, मधे फक्त काच. पलीकडचा हात थकलेला होता. मधेच सैल पडायचा, मग पुन्हा दाबायचा.

"सोडू नगासा," शिवाजीराव म्हणाले. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, "जावईबापू, सोडू नगासा."

सात वाजले. आठ वाजले. शेजारची तेजल ड्यूटीला निघाली होती, ती फाटकापाशी थांबली. "काका, गाडी चालू होत नाय का?"

"हुईल," ते म्हणाले. हात हलवला नाही.

ऊन चढलं. गाडी तापली, शर्ट पाठीला चिकटला, पण तळव्याखालची काच गारच राहिली. दंडाला गोळे आले. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं. इंदुबाई एकदा बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं.  तांब्यानं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं, पदरानं घाम पुसला, आणि उंबऱ्यात बसून राहिली.

अकरा वाजता रेटा फार हलका झाला. शिवाजीराव कपाळ आपल्याच दंडाला टेकवून रडले, पण हात तसाच ठेवला.

एक वाजायच्या सुमारास पलीकडचा हात अचानक वर उचलला गेला, कुणी ओढून घ्यावा तसा. काच गरम झाली. त्यांनी तळवा काढून बघितला. ठसा नव्हता. समोर भिंत होती.

आत फोन वाजला.

सातपाटीच्या एका बोटीला तिघं सापडले होते. तिघंही जिवंत.

रविवारी दवाखान्यातून सोडल्यावर रूपेश थेट बोईसरला आला. ओठ फुटलेले, डोळे लाल. प्रियदर्शिनीनं त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. शिवाजीरावांनी स्वतः त्याच्यासाठी खुर्ची आणली, "बसा," म्हणाले. आजवर त्यांनी त्याला कधी 'बस' सुद्धा म्हटलं नव्हतं. इंदुबाई भात वाढायला आत गेली तेव्हा रूपेश हळूच बोलला.

"बाबा, बोट उलटी झाली ना, रातभर आमी फळीला धरून होतो. सकाळी फळी पण गेली. मंग माझ्या हाताला काच लागली."

शिवाजीराव पुढं सरकले.

"पाण्यात. उभी काच. हात तिला चिकटला तो सुटंच ना. अनुजनी नि सुकानी माझा पट्टा धरला." त्यानं स्वतःच्या तळव्याकडं बघितलं. "एकदम साफ होती काच. म्हनून पलीकडचा तुमचा हात दिसला. नायतर मला काय समजलं असतं?"

"जेवा आधी," शिवाजीराव म्हणाले. 

रूपेश दोन घास जेवला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "सुटलो तवा मागं वळून बगितलं. तिथं लय जण होते, बाबा. तळाकडनं वर येत होते. त्यांना पन काच दिसली."

त्या रात्री शिवाजीराव गाढ झोपले. बऱ्याच दिवसांनी घर भरलेलं होतं. सोमवारी सहाला उठले, बादली भरली, फडकी खांद्यावर टाकली आणि अंगणात गेले. गाडीचं कव्हर पाण्यानं थबथबलेलं होतं. पाऊस पडला नव्हता. त्यांनी कव्हर ओढलं.

पुढची काच, मागची काच, चारी दारांच्या काचा, कुठंच रिकामी जागा उरली नव्हती. तळव्याला तळवा लागून होता. रुंद, हडकुळे, म्हातारे. काही इतके जुने की त्यांच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. मागच्या दाराच्या काचेत अगदी खाली एक एवढासा होता, चार-पाच वर्षांच्या पोराचा. सगळे ओले होते, आणि सगळ्यांतून हिरवा उजेड अंगणात सांडत होता, तुळशीवर, भिंतीवर, त्यांच्या पायांवर. इतकं सुंदर त्यांनी काही बघितलं नव्हतं.

घरात इंदुबाईनं चहा ठेवला होता, त्याचा वास येत होता. रूपेश अजून झोपलेला होता.

काचेच्या कडेकडचे काही सुकायला लागले होते.

शिवाजीरावांनी बादली खाली ठेवली. दोन्ही हात वर उचलले, आणि ते कुणाला लावायचे हे त्यांना ठरवता येईना.