मध्यंतरातली अनवाणी शर्यत

"चप्पल चोरीले गेली काय तुमची?"

अमरावतीच्या अंबादेवीचं दर्शन घेऊन मी नुकतीच बाहेर आले होते. अष्टमीची सकाळ, फोडलेल्या नारळांचा ओलसर वास... आणि समोर एक उंच मुलगा. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या चपला काढल्या आणि अलगद माझ्यापुढे सरकवल्या.

"घाला. जरा मोठ्या होतीन, पण समोर रस्त्यावर गिट्टी टाकून ठेवली हाये."

त्यातल्या एका चपलेत माझी दोन्ही पावलं मावली असती. मला हसू आलं.

"चोरीले नाही गेली. नवरात्रभर अनवाणी हाव मी. नऊ दिवस."

"अस्सं..." त्याचे कान लाल झाले. "मले काय मालूम! मी तर इथं पोहे खायले आलतो. आमच्या घरी बुद्धवंदना असते, नवरात्राचं मले समजत नाही. पण... डाव्या बाजूनं जा. तिकडं गवत हाये."

मी डाव्या बाजूनं निघाले. वळून पाहायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. पाहिलंच. तो चपला हातात धरून तसाच उभा होता.

मी वर्षाली. अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या बाबांचं, किसनरावांचं, फुलांचं दुकान आहे. पहाटे झेंडूच्या माळा ओवायच्या, मग देवीचं स्तोत्र म्हणायचं, आणि मग मैदानावर पळायचं, हा माझा नेम. गेल्या महिन्यात मी देवीआईपाशी नवस बोलले होते, "आमच्या मुलींना फुटबॉलच्या फायनलपर्यंत ने, मी नवरात्र अनवाणी करीन." आईनं नेलं. फायनल होती अमरावतीत, अमरावतीच्याच मुलींशी, घटस्थापनेच्या आधी. पण परतीच्या पावसानं मैदानाचं तळं केलं आणि सामना नेमका अष्टमीला गेला. म्हणजे ज्या फायनलसाठी मी बूट सोडले, तीच फायनल मला बुटांशिवाय खेळता येणार नव्हती!

"एक तासासाठी घाल ना माय," आमच्या कोच शालूताई कळवळून म्हणाल्या. "देवी काय तुह्या पायाकडं पाहून राहिली?"

"ताई, तीच तर पाहून राहिली," मी हळूच म्हणाले.

पंचांनी नकारार्थी मान हलवली. बूट नाहीत, तर खेळ नाही. मी खुर्चीवर बसले. त्या दिवशी मैदानाकडेच्या मंडपात राज्याच्या संघासाठी मुली निवडणाऱ्या मॅडम आल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी माझं वय त्या गटात बसणार नव्हतं. माझ्या हाती एवढी एकच दुपार होती. डोळे भरून येत होते... पण मी आईला एका शब्दानं बोल लावला नाही. बोललेलं पाळायचं असतं.

मध्यंतराला आम्ही एका गोलनं मागे होतो. तेवढ्यात माइकवर पंजाबराव गरजले. अमरावतीचे जुने खेळाडू ते, आता मिशा पांढऱ्या, आवाज मात्र तसाच.

"मंडळी, जागेवरून उठू नका! आता खेळाडूंची शर्यत! मैदानाला एक फेरी. अर्धी फेरी मुलींची, अर्धी मुलांची. हातात रुमाल, अन् जोड्या चिठ्ठीनं!"

मुलींच्या सामन्यानंतर मुलांची फायनल होती, त्यामुळे दोन्हीकडचे मुलगे हजरच होते. शालूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. खेळात बूट लागतात. गमतीच्या शर्यतीत कोण विचारतो?

"टाक चिठ्ठी," त्या म्हणाल्या.

स्टीलच्या डब्यातून पंजाबरावांनी चिठ्ठ्या उचलल्या. "अकोल्याची वर्षाली... अन् अमरावतीचा प्रीतम!"

समोरून तोच चपलावाला हसत आला. हिरव्या जर्सीत.

"तुमी?" मी म्हणाले.

"मीच. आता तं चपलाच काढून ठेवल्या." त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"हे काहून?"

"जोडी हाये ना आपली. एक बुटात, एक बिनबुटाचा, चांगलं दिसते काय?"

मी मान खाली घातली. गाल तापले होते. "जोरात पळता ना तुमी?"

"मी?" तो गंभीरपणे म्हणाला. "मी गोलकीपर हाव. उभं राहायचंच काम असते आमचं."

"अगं आई!"

"म्हनून सांगतो, तुमीच लवकर या. मी वळून नाही पाहणार. हात मांगं ठेवीन. तुमी येसानच."

तुमी येसानच... किती सहज म्हणाला!

आम्ही चार मुली रेषेवर उभ्या राहिलो. माझ्या शेजारी नीलम, अमरावतीची सगळ्यात वेगवान. तिनं माझे पाय पाहिले आणि काळजीनं म्हणाली, "सांभाळ वो, माह्या बुटाले खिळे हायेत."

शिट्टी वाजली. मी डोळे मिटून आईचं नाव घेतलं आणि सुटले.

आठ दिवस मी जमिनीवर पाय ठेवूनच जगत होते. कुठे माती घट्ट, कुठे गवताखाली पाणी, हे तळव्यांना डोळ्यांआधी कळत होतं. वळणावर बाकीच्या तिघी चिखल टाळायला बाहेरून गेल्या. मी आतूनच घुसले. पायाची बोटं रुतली, निसटली, पुन्हा रुतली... नीलम मागे राहिली! गर्दीतून आमच्या संघातली शकुन ओरडत होती, "पय वर्षाली, पय!"

आणि समोर तो हात. पाठमोरा, उघडा, जरासुद्धा न हलणारा.

मी रुमाल त्यावर टेकवला. त्याची बोटं मिटली, क्षणभर माझ्या बोटांसकट.

"जा!" मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी आरतीसुद्धा म्हटली नव्हती.

प्रीतम धावला... म्हणजे त्याला धावणंच म्हणायचं. कोपरं एकीकडे, गुडघे दुसरीकडे. माझी आठ पावलांची आघाडी पाच झाली, दोन झाली, मंडपासमोर तर नीलमच्या जोडीदाराचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. माझ्या मुठी आपोआप वळल्या. आणि मग त्याला एकदम आठवलं असावं, आपण कोण आहोत ते. त्यानं अंग झोकून दिलं. सरळ आडवा, हात लांब, मुठीत रुमाल. चिखलातून घसरत तो रेषेपलीकडे गेला.

"गोलकीपरनं शर्यत अडवली हो मंडळी!" पंजाबराव माइकवर नाचायचेच बाकी होते. "अनवाणी जोडी पयली!"

सगळं मैदान उभं राहिलं. अकोला-अमरावती काही उरलंच नाही. त्या गोंधळात मंडपातल्या मॅडम खाली आल्या.

"ही मुलगी पहिल्या अर्ध्यात कुठे होती?"

शालूताईंनी सगळं सांगितलं. मॅडमनी माझ्या चिखलानं भरलेल्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं.

"दसऱ्यानंतर तीन दिवसांनी नागपूरला चाचणी आहे. ये. बूट घालून."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. उत्तरार्धात आमच्या पोरींना काय झालं कुणास ठाऊक, शकुननं दोन गोल मारले आणि ढाल अकोल्याची झाली. मी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते. पलीकडे वळणावर प्रीतम चिखलात वाकून काहीतरी पाहत होता... मला वाटलं, काही हरवलं असेल.

रुमाल मात्र त्यानं परत दिला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी दुकानात झेंडूच्या पाकळ्यांचा सडा पडला होता. नवरात्र उठलं होतं, पण दिवसभराच्या गर्दीत चप्पल घालायची मला सवडच नव्हती. मान वर केली, तर समोर पुस्तकांची जड पिशवी घेऊन तो उभा! अंगात पांढरा सदरा.

"नागपूरले गेलतो, दीक्षाभूमीवर," तो म्हणाला. "दरसाल जातो. परतताना... घरी जायले बडनेऱ्याले उतरायचं होतं, उतरलोच नाही."

"झोप लागली?"

"नाही. चांगला जागा होतो. दुकानाचा पत्ता तुमच्या शालूताईकडून घेतला होता."

त्यानं पिशवीत हात घातला आणि पुस्तकांखालून चपलांचा नवा जोड काढला. साध्या, तपकिरी. मी पाय घातले. नेमक्या बसल्या.

"माप कसं समजलं?"

"मैदानात वळणावर तुह्या पावलाचा ठसा उमटला होता. एक वीत अन् दोन बोटं." त्यानं हाताची वीत करून दाखवली. मग आवाज खाली गेला. "वर्षाली, मले तू आवडतं. घरी आईले सांगून आलो. आई म्हने, पोरगी शब्दाची पक्की हाये, पण तिले तं विचार पयले... चाचणी तुही, मैदान तुहं, देवी बी तुही. मी फक्त सोबत पळीन. हळूच."

गल्ल्याशी बसलेल्या बाबांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पायांकडे. "वर्षाली, पाहुण्याले चहा सांग," ते म्हणाले. "अन् उभा काहून ठेवला त्याले?"

पण प्रीतमनं पाठ फिरवली होती. न वळता, न बघता, त्यानं हात मागे धरला. तसाच... उघडा, जरासुद्धा न हलणारा.

मी दुकानातल्या देव्हाऱ्यातलं आपट्याचं पान उचललं आणि त्या हातावर ठेवलं. त्यावर माझा हात.

या वेळी त्याची बोटं मिटली, ती सुटली नाहीत.