मी आलो का?

"म्यॅडम, मी आलो का?"

खिडकीच्या जाळीबाहेरून एक काळवंडलेला चेहरा वाकून विचारत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि भुवयांवरून निघालेले काजळीचे दोन ओघळ त्याच्या गालांवर उतरले होते. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"नाव?"

"राजानंद."

"नाही. आज तुम्ही आलेले नाहीत."

"मंग हे कोण बोलून राह्यलंय?"

मी हसले नाही. बाबा गेल्यापासून हसू आलं की मी आधी इकडेतिकडे बघून घ्यायचे.

जालन्यातल्या त्या सळयांच्या मिलमध्ये हजेरीची खिडकी माझ्याकडे होती. गेटवर अंगठ्याचं मशीन. पाळी सुटल्यावर जाताना अंगठा लागला तर हजेरी, हजेरी लागली तर पगार. राजानंद तापलेली सळई चिमट्यानं धरून रोलरमध्ये घालायचा. त्या कामात त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट होऊन गेल्या होत्या. ठेकेदार मात्र मशीनवर खूश होता. "मशीन खोटं बोलत नाही," म्हणायचा, आणि अर्धा दिवस कापायचा.

मी सुपरवायझरला विचारून त्याची हजेरी हातानं लावली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चेहरा. "आज?"

"आजही नाही."

"आई म्हणती, माझ्या पोरासारखा कष्टाळू पोरगा न्हाई. कंपनी म्हणती, पोरगाच न्हाई. कोणाचं ऐकू?"

"अंगठा आधी केसांवरून फिरवा," मी म्हटलं. "डोक्याचं तेल लागलं की उमटतो."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी. इथंच भट्टीवर होते."

तो जाळीच्या जरा जवळ आला. "भिवाकाका? तुम्ही... त्यांची पोरगी, अक्षता?" मग म्हणाला, "चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं मला."

त्या दिवशी पुढं त्यानं काही गंमत केली नाही.

उपाय बाबांचा होता, लागू पडायला हवा होता. पण राजानंद येतच राहिला.

"तेल लावलं होतं?"

"खोबऱ्याचं लावलं, आवळ्याचं लावलं. मशीनला बिलकुल आवडंना."

मी हजेरी लावेपर्यंत तो बोलत उभा राहायचा. एकदा त्यानं मोटारसायकलची गोष्ट सांगितली. "कामावर जल्दी यावं म्हणून गाडी घेतली. तिच्या हप्त्यासाठी ओव्हरटाइम करतो. हप्ता भरला की पेट्रोलला काही उरत न्हाई. म्हणून पायी येतो."

"विकून टाका."

"विकली तर ओव्हरटाइम कशासाठी करू?"

मग मीही सांगितलं. एम.ए. झाले, कॉलेजात तासांवर शिकवलं, त्या तासांचे पैसे पुढच्या वर्षी आले.

"म्हंजे तुम्ही पण आल्याच नव्हत्या," तो गंभीरपणे म्हणाला.

मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. थोडंसं हसले.

श्रावण सरता सरता तो एकदा उगाचच टोपी काढून उभा राहिला. "वाळूजला काम मिळून राह्यलंय. पर्मनंट. चार हजार जास्त. सोमवारपर्यंत सांगायचंय."

"मग सांगा की हो म्हणून."

"सांगतो..." तो हलला नाही. "तिकडं हजेरी कोण लावतं, काय माहीत."

तो गेल्यावर मी एकच रकाना तीनदा खोडून पुन्हा भरला. जावं त्यानं, असं वाटत होतं. जाऊ नये, असंही.

शनिवारी कंपनीनं चेहरा ओळखणारं नवीन मशीन आणलं. ते बसवताना मी गेटवर गेले. जुनं काढलेलं होतं. त्याच्या शेजारी, हात सहज पोचेल अशा उंचीवर, भिंतीचा चुना खरवडून पार वीट दिसत होती.

"हे काय, मच्छिंद्रभाऊ?" मी वॉचमनला विचारलं.

"राजानंदचं काम. डोक्यावरून अंगठा फिरवतो, मंग भिंतीला घासतो, मंग मशीनला लावतो. म्या म्हणलं, असं कामून? तर म्हणतो, तेल जास्ती झालं."

म्हणजे बाबांचा उपाय लागू पडत होता. गेल्या महिन्यात मी दोन दिवस रजेवर होते. खिडकी बंद आहे हे त्याला दोन्ही दिवशी अंगठा घासून तिथं पोचल्यावरच कळलं असणार. दोन्ही दिवसांचे पैसे कापले गेले होते, आणि तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

नव्या मशीननं काजळीसकट त्याला एका क्षणात ओळखलं. तरी सवयीनं तो खिडकीशी आला.

"म्यॅडम..."

"आलात तुम्ही. मशीननं सांगितलं."

"हो. आलो म्हणं."

"आता चेहरा कुठं घासणार?"

काजळीखालीसुद्धा त्याचे कान लाल झालेले दिसले. "भिंत पाह्यली व्हय?"

"पाहिली."

तो पायाकडे बघत म्हणाला, "मंग कापा अर्धा दिवस. पण खरं सांगतो... दुसरं काही सुचलंच न्हाई. तुमच्याशी बोलायला कारण लागत होतं."

"वाळूजला हो म्हणून सांगा," मी म्हटलं.

"तुम्ही पाठवून राह्यला मला?"

"हप्ता भरा. गाडीत पेट्रोल टाका. आणि मग एखाद्या रविवारी बदनापूरला आमच्या घरी या."

"काय म्हणून येऊ?"

"काही म्हणून नको, नुसते या. आमच्या दाराला मशीन नाही."

वाळूजच्या पहिल्या पगारानंतरच्या रविवारी गल्लीत मोटारसायकल थांबली.

"कोण आलंय गं?" आईनं आतून विचारलं.

दारात एक माणूस उभा होता. स्वच्छ धुतलेला चेहरा, तेल लावून चापून बसवलेले केस. काजळीशिवाय मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. ओळखायला मशीनपेक्षा मला जास्त वेळ लागला.

तो आत आला नाही. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून त्यानं उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले, मग माझ्याकडे वळला.

"म्यॅडम... मी आलो का?"

"आलात," मी म्हटलं, आणि इकडेतिकडे न बघता हसले.