सतरा नंबरचा खिळा

बसा. ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडली, तो जहाजावर वाटाड्या होता. चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या, ही एवढी मला छापू दिली नाही.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. लहानसं जहाज, बावीस प्रवासी. सकाळी नदीतून वर जायचं, घनदाट जंगल आणि त्यातली जुनी बाग बघायची, संध्याकाळी परत. जहाजावर एक फळी होती, तिच्या खिळ्यांना नंबरांचे बिल्ले. उतरताना आपला बिल्ला न्यायचा, चढलं की अडकवायचा. फळी भरल्याशिवाय जहाज सुटत नसे.

साडेपाचला ओहोटी लागली. सतरा नंबरचा खिळा रिकामा.

"आठवण म्हणून ढापतात लोक," कप्तान म्हणाला. "पाणी उतरलं तर रात्रभर चिखलात बसाल." पेटीतून जादा बिल्ला काढून त्यानं अडकवला. वाटाड्यानं पाहिलं, आणि गप्प बसला.

एक म्हातारे काका बायकोला शोधत होते.

"फळी बघा की. आल्यात त्या, असतील खाली," कप्तान म्हणाला. "जन्मभर संसार केलात, तासभर सुटी घ्या."

सगळे हसले. काकाही हसले आणि खिडकीशी जाऊन बसले.

सात वाजता काकांनी आणि वाटाड्यानं सगळं जहाज पालथं घातलं. ती नव्हती. कप्तान जहाज वळवेना. वाटाड्यानं छोटी होडी सोडली, काकांना घेतलं. ती जिवंत सापडावी, एवढंच तो घोकत होता.

पावणेनऊ. चंद्र नाही. हातात एकच बॅटरी.

"अगं..." काकांनी हाक मारली.

"आले हो." बागेकडून.

काका रडायलाच लागले. "धावू नकोस गं, गुडघे दुखतील. आम्हीच येतो."

ते चालत राहिले. प्रत्येक हाकेला ओ येत होती. पण आवाज तेवढाच लांब. मग डावीकडून. मग... मागून. नदीकडून.

"आले हो."

वाटाड्याचा पाय कशाला तरी अडला. त्यानं बॅटरी खाली केली.

ती पायवाटेवर पडली होती. गार. ओठांवर मुंग्या.

काका तिच्याशेजारी खाली बसले आणि ओठांवरच्या मुंग्या झटकू लागले.

नदीकडून पुन्हा...

"आले हो."

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ लिहिली साडेसहा. म्हणजे जहाज सुटल्यावर ती तासभर जिवंत होती. कळतंय का? एक तास. आणि जहाजाच्या मालकांच्या कागदावर काय, तर 'सर्व प्रवासी चढले'. निर्लज्ज लेकाचे. मी तोंडावर विचारलं, तर म्हणे, म्हातारीचं काळीजच कमजोर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या जहाजावर गेलो. काका बसले होते त्या खिडकीपाशी वाकून पाहिलं. बाहेर उभं राहायला तसूभर जागा नाही, सरळ खाली पाणी. तिथे, पाण्यापासून वर काचेपर्यंत, तळहातांचे ठसे होते. शेवाळासारखे हिरवे. एकावर एक, चढत आलेले.

मी बोट लावलं.

ओले होते.