बारावं क्रेडिट

गुरुवारी सकाळी कोच ड्वेन प्रॉक्टरचा फोन आला, तेव्हा व्हेराने कॉफीचा पहिला घोटही घेतला नव्हता.

"संघटनेने ब्रिनचं नाव यादीतून कापलंय. परवा शर्यत आहे. निस्तर बाई हे."

खेळाडूंची पात्रता तपासणं हे व्हेरा लिंडक्विस्टचं काम. सीडर फोर्कच्या कॉलेजातली नोकरी सोडून ती नेब्रास्कातल्या या कॉलेजात आली, त्याला तीन वर्षं झाली होती. धावपटू ब्रिन हॅलोरनही आधी त्याच कॉलेजात होती, पण मधली चार वर्षं घरी काढून इथे आलेली.

नियम सरळ होता. बारा क्रेडिटचे, म्हणजे पूर्णवेळ, विषय घेऊन वर्गात बसलं की खेळण्यासाठी मिळणाऱ्या पाच वर्षांचं घड्याळ सुरू. मग घरी बसा नाहीतर कॉलेज बदला, ते थांबत नाही. जुन्या गुणपत्रकाप्रमाणे ब्रिनचं घड्याळ जूनमध्येच संपलं होतं.

तासाभरात कोच ब्रिनला घेऊन आला.

"तेव्हा किती क्रेडिट घेतली होतीस?" व्हेराने विचारलं.

"अकरा. मुद्दाम. बाबांना लकवा झाला होता, कधी परतावं लागेल याचा नेम नव्हता. नवव्या दिवशी मी घरी परतलेच."

"इथे बारा आहेत. शेवटचं वजन उचलण्याच्या तासाचं. गेली होतीस?"

"असा तास होता हेच मला आत्ता कळतंय."

कोच हसला. "तो तास सगळ्या संघाला सरसकट लावतात. ऑगस्टमध्ये ऑफिसातलं कुणीतरी अख्खी यादी भरून टाकतं. आपल्याकडे तूच भरतेस की, व्हेरा."

व्हेराने सीडर फोर्कला फोन लावला, नोंद कुणी केली ते विचारलं आणि फोन हळूच ठेवला.

"ब्रिन खरं बोलतेय, आणि गुणपत्रकही खोटं नाही. तिने अकराच घेतली होती. बारावं तिला न विचारता घातलं गेलं. कुणाला ते महागात पडेल, हे बघायची तसदी कुणी घेतली नाही."

"कुणी म्हणजे कोण?" ब्रिनने विचारलं.

"मी. तेव्हा तिथे त्या याद्या मीच भरायचे."

व्हेराने कोरा अर्ज पुढे ओढला. तिला मान वर करवेना.

"कॉलेजची चूक लेखी कबूल केली तर सूट मिळू शकते. आज दुपारीच संघटनेकडे अर्ज पाठवते," ती म्हणाली.

"मग इथल्याही तीन वर्षांच्या याद्या उकरतील," कोच म्हणाला. "नोकरी जाईल तुझी."

"उकरू देत."

ब्रिन तिच्याकडे एकटक बघत होती. "तेव्हा माझं नाव वाचलं तरी होतंत का?"

"नाही," व्हेरा म्हणाली, आणि तेही तिने अर्जात लिहिलं.