विरुद्ध बाजूचा माणूस

स्वप्नाने टेपचं टोक एका दगडाखाली दाबलं आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दगड घसरला. टेप सुर्रकन गुंडाळत तिच्या हातात परत आली. तिने मोठा दगड शोधला. पुन्हा तेच.

"मी धरू?"

काजूच्या झाडाखाली एक मोटारसायकल लागली होती आणि तिच्यावरून उतरलेला तरुण हेल्मेट काढत होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले, खांद्याला कापडी पिशवी. स्वप्नाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या रस्त्याकडे.

"धरा. पण घट्ट. आणि डांबराच्या कडेला, मातीत नाही."

तो उकिडवा बसला. तिने आकडा वाचला, मोबाइलवर फोटो काढला, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा मोजलं. तोही न सांगता चार पावलं सरकला. खालून, आंजर्ल्याच्या खाडीकडून, खारा वारा येत होता आणि टेप मध्येच थरथरत होती.

नोव्हेंबरात याच वळणावर मुंबईच्या एका गाडीने तिच्या स्कूटरला धडक दिली होती. डाव्या हाताचं मनगट मोडलं. हाड जुळून आलं, पण दोन बोटं वळेनाशी झाली. दापोलीजवळच्या गावात तिची छोटी रोपवाटिका होती आणि आंब्याची कलमं बांधायची तर डाव्या हातात रोप आणि उजव्या हातात चाकू लागतो. मुंबईला आणखी एक ऑपरेशन केलं तर बोटं वळतील, असं डॉक्टर म्हणत होते. गाडीवाला म्हणत होता, स्कूटर अचानक आडवी आली. म्हणून तिच्या वकिलांनी, नम्रताताईंनी, तिला सांगितलं होतं की फोटो, मापं, साक्षीदार, जे मिळेल ते गोळा कर.

"झालं," ती म्हणाली. "थँक्यू. तुम्ही इथलेच?"

"चिपळूणचा. सम्यक." तो हात झटकत उभा राहिला. "मी... खरं तर त्या गाडीच्या विमा कंपनीकडून आलोय. तपासाला."

ती टेप गुंडाळायची थांबली.

"म्हणजे माझ्या विरुद्ध."

"कागदोपत्री, हो."

"मग टेप कशाला धरलीत?"

"मलाही रस्ता मोजायचाच होता. एकट्याने जमलं नसतं."

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. "नाव सम्यक, आणि काम असलं," एवढं म्हणून ती उतारावरून खाली निघाली.

खाली विमलाकाकूंची कोकम सरबताची टपरी होती. स्वप्ना बाकावर बसते न बसते तोच मोटारसायकल तिथेच येऊन थांबली.

"माझ्या मागे येताय?"

"नाही. साक्षीदाराच्या मागे. तुमच्या आधी पोचायचा विचार होता, पण तुम्ही पायवाटेने आलात."

विमलाकाकू दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "ये गो बाय. हात बरा काय तुझा? आणि ह्यो कोण, नवरा?"

"नाही!" दोघं एकदमच म्हणाली. काकूंनी 'बरं' म्हणत दोन ग्लास भरले.

गाडी कशी आली ते काकूंनी हातवारे करून सांगितलं. ती वळण कापून त्यांच्या बाजूने आली होती, त्यांचं बाकडं थोडक्यात वाचलं होतं. "पण तू वळलीस कशी ते नाय बगितलं मी. भजी काढत होते. खोटं कशाला बोलू?"

सम्यकने सगळं लिहून घेतलं आणि काकूंना वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. स्वप्नाने कान देऊन ऐकलं. मग तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, गुडघ्यांत धरली आणि झाकण फिरवू लागली. झाकण घट्ट होतं. तो बघत होता हे तिला कळत होतं. त्याने हात पुढे केला नाही, नजरही वळवली नाही. झाकण निघालं तेव्हा मात्र त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"हे काम का करता तुम्ही?" तिने विचारलं.

"बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. पुरात बुडालं. सगळ्या मशिनी चिखलात. नुकसान बघायला आलेला विम्याचा माणूस दारातूनच परत गेला." त्याने ग्लास खाली ठेवला. "मला वाटलं, निदान आत जाऊन बघणारा एक तरी असावा."

पुढच्या दोन आठवड्यांत ती दोघं एकमेकांना सारखी दिसत राहिली. ज्या गॅरेजमध्ये गाडीचा पत्रा सरळ केला होता तिथे. हॉस्पिटलच्या बाकावर. दापोलीच्या एसटी स्टँडवर, जिथे खरं तर दोघांचंही काही काम नव्हतं. "साक्षीदार शोधताय?" ती विचारायची. "हो, मिळत नाहीये," तो म्हणायचा आणि चहा सांगायचा. आंब्याला मोहोर आला होता. एकदा तिच्या केसांत मोहोराची काडी अडकली होती. त्याने बोट दाखवलं, हात नाही लावला. घरी गेल्यावर तिला वाटलं, लावला असता तर... मग तिने तो विचार बाजूला ठेवला आणि झारीने रोपांना पाणी घातलं.

वळणाच्या वरच्या अंगाला महिपतकाकांचं घर होतं. ते पर्यटकांना खोल्या द्यायचे आणि फाटकावर त्यांनी कॅमेरा बसवला होता. अपघातानंतर वीज पडून त्याचं चित्रण साठवणारं मशीन बंद पडलं होतं, म्हणून सगळ्यांनी आशा सोडली होती. फेब्रुवारीत ते दुरुस्त होऊन आलं आणि काकांनी दोघांनाही फोन केला. अपघाताच्या दिवसाचं चित्रण आत तसंच होतं.

ओटीवर, छोट्या टीव्हीसमोर दोघं शेजारी बसली. पडद्यावर गाडी वळण कापून आली, पूर्ण चुकीच्या बाजूने. स्वप्नाच्या तोंडून "बघा!" निघून गेलं.

"जरा मागे घ्या, काका," सम्यक हळूच म्हणाला.

धडकेच्या आधी स्कूटर होती. पायाशी ठेवलेलं एक कलम कलंडलं होतं. ते सावरायला स्कूटरवरची मुलगी खाली वाकली होती, डावा हात हँडलवरून सुटलेला. त्याच स्थितीत ती फाटकाकडे वळत होती आणि वळण्याचा दिवा लावलेला नव्हता.

स्वप्नाला यातलं काही आठवत नव्हतं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच दिसलं.

महिपतकाका खाकरले. "सुरुवातीचं कापून पुढचा तुकडा तेवढा देतो गो. गाडीची चूक दिसते ना, तेवढं पुरे. गावातली पोर तू." मग त्यांची नजर सम्यककडे गेली आणि ते "चहा टाकायला सांगतो" म्हणत आत गेले.

सम्यकने वही उघडली आणि पुन्हा मिटली.

"मी लिहू शकतो," सम्यक शेवटी म्हणाला, "की सुरुवातीचं चित्रण खराब होतं. मशीन जळलेलंच होतं. कोणी विचारणार नाही."

"असं आधी कधी लिहिलंय?"

"नाही."

"मग आत्ता का?"

तो तिच्या बोटांकडे बघत होता. स्वप्नाला हवं होतं ते समोरच होतं – ऑपरेशन, कलमं, आपला हात आपल्याला परत. नुसतं गप्प बसायचं होतं. तिने पदराआड करावा तसा तो हात ओढणीखाली घेतला.

"नको," ती म्हणाली. "पूर्ण घ्या. मीही पूर्णच घेते. तुम्ही आज माझ्यासाठी खोटं लिहिलंत, तर उद्या मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

त्याने एकदम वर पाहिलं.

"उद्या?"

तिचे कान तापले. "म्हणजे... पुढे कधी."

"नाही, तुम्ही उद्या म्हणालात."

"चहा आला वाटतं," ती म्हणाली. चहा आला नव्हता.

फाटकापाशी निरोप घेताना तो गंभीर झाला होता. "मी अहवाल जसा आहे तसा देईन. गाडी चुकीच्या बाजूला होती, हेही ठळक लिहीन. आणि साहेबांना सांगेन की यापुढे हे प्रकरण मला नको."

"कारण विचारतील."

"खरं तेच सांगेन. पण मग निकाल लागेपर्यंत आपण भेटायचं नाही, स्वप्ना. नाहीतर तुमचा पुरावा कोणी खरा मानणार नाही."

तिला हे पटलं, म्हणूनच जास्त राग आला. ती मान हलवून चालू लागली.

तो दिल्या शब्दाचा पक्का निघाला. फोन नाही, निरोप नाही, एसटी स्टँडवर दिसणंही नाही. पावसाळ्यात कलमं बांधायचे दिवस आले. आई, चंपाबाई, रोप धरायची आणि स्वप्ना चाकू चालवायची. कामाचा वेग निम्म्यावर आला होता. "लक्ष कुठे असतं तुझं?" आई विचारायची. स्वप्ना म्हणायची, "रोपात." आई तिच्या तोंडाकडे बघायची आणि पुढचं रोप उचलायची.

सप्टेंबरात लोकअदालतीत तडजोड झाली. स्वप्नाची थोडी चूक धरून रक्कम कमी झाली, पण चित्रण पूर्ण दिल्यामुळे कंपनीने पुढे वाद घातला नाही. ऑपरेशनपुरतं निघत होतं. नम्रताताई कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाल्या, "सुटलीस बाई."

"आता मी कोणाशीही बोलू शकते?"

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाशी बोलायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती चिपळूणला उतरली. पाऊस रेंगाळत पडत होता, वाशिष्ठी नदी गढूळ आणि भरलेली. शिवणकामाचं दुकान विचारत विचारत सापडलं. आत दोन नव्या मशिनी आणि एक जुनी. सम्यक दारातच स्टुलावर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होता. ती दिसली तशी सुई हातातून पडली.

"निकाल लागला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग फोन का नाही केलात?"

"कालपासून चारदा नंबर काढला... तुमच्या मनात अजून तसंच आहे का, ते कळेना." तो गोंधळून उभा राहिला. "तुम्ही भिजलात."

"पुढच्या महिन्यात मुंबईला जायचंय, ऑपरेशनला. हात पूर्वीसारखा होईल असं नक्की नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. तुम्हालाही आधीच सांगते."

"मी येतो सोबत."

"आई आहे सोबतीला. तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, मासे खात असेल तर रविवारी बोलाव. बाबा जरा तिरसट आहेत. पण ऐकून घेतात."

"आणि तुम्ही?"

"मला ऐकत बसायला वेळ नाही. परतीची एसटी आहे." तिने ओल्या कपाळावरचे केस मागे सारले. "मी हो म्हणायला आलेय."

"कशाला?" तो म्हणाला. "मी अजून काही विचारलंच नाही."

"मग विचार ना," ती म्हणाली.

'विचार' म्हणाली, 'विचारा' नाही. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. तो दोन पायऱ्या उतरून पावसात तिच्यासमोर आला आणि यावेळी त्याने तिचा डावा हात, न वळणाऱ्या बोटांसकट, हातात घेतला.