इंजिन दबलं नाही

कडेगावात त्या काळी क्लच नसलेली गाडी एकच होती, हंबीररावांची. एका संस्थानिकानं वापरून टाकलेली, लांबलचक, अमेरिकन. गिअर आपोआप बदलणारी. सबंध जिल्ह्यात तिला हात लावायला मिस्त्री धजत नसत. मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं काढून कऱ्हाडात गॅरेज टाकलं होतं, आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरायचं. म्हणूनच बहुधा धुळाच्या वकिलानं मला गाठलं.

धुळा हंबीररावांचा ड्रायव्हर. चौसष्टच्या जानेवारीत, सकाळी, त्या गाडीनं हंबीररावांचे धाकटे भाऊ लालासाहेब यांना शेडच्या दगडी भिंतीला चेपून मारलं. फिर्याद अशी की, धुळानं चालू गाडी गिअरमध्ये टाकली आणि खाली उतरला. धुळा म्हणायचा, गिअर टाकलाच नव्हता. मी दोष शोधला तर तो सुटणार, नाही तर सांगलीच्या तुरुंगातच राहणार. घरी त्याची बायको बनाबाई आणि दोन मुली होत्या.

शेडची जमीन उताराची असेल म्हणून आधी परातीत पाणी घालून पाहिलं. जमीन सपाट होती.

पहिल्या सकाळी गार गाडी चालू केली, दांडा गिअरमध्ये टाकला. गाडी ढिम्म. अकरा मिनिटांनी इंजिन दबलं, त्याचा आवाज उतरला, गचका बसला आणि मग ती निघाली. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, तर तिसऱ्याच मिनिटाला निघाली. यात नवल काही नव्हतं. थंडीनं आतली रबरं ताठरतात, तेलाचा दाब उशिरा चढतो. पण दांडा मोकळा, म्हणजे न्यूट्रलला, असताना ती तसूभरही हलली नाही. तिसऱ्या दिवशी वाल्वची पेटी खोलली, एकेक वाल्व रॉकेलनं धुऊन बोटानं सरकवून पाहिला. सगळे लोण्यासारखे सरकत होते. दोष नव्हता. मला धुळाचा रागच आला. लेकानं खोटं सांगून माझे तीन दिवस खाल्ले.

चौथ्या सकाळी सगळं जोडून इंजिन चालू केलं. दांडा मोकळा. हंबीरराव घोंगडं पांघरून आले आणि थेट गाडीपुढे, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"हतंच उबा हुता लाला," ते म्हणाले. "हलती का बगा की. हलायची न्हाई. धुळानंच मारलंय माज्या भावाला."

"बाजूला व्हा, आबा."

"का? दोष न्हाई म्हनता न्हवं?"

गाडी पुढे निघाली.

गचका नाही. सावकाश, माणूस पुढे पाऊल टाकतो तशी.

मी ब्रेक दाबला. पायाखालून कुणीतरी तो वर रेटत होतं. दोन्ही पायांनी दाबला. हंबीररावांच्या गुडघ्यापासून वीतभरावर गाडी थांबली.

दांडा मोकळाच होता. आणि गिअर पडला की इंजिन दबतं, आवाज उतरतो. तो उतरला नव्हता. म्हणजे गाडी इंजिननं ओढलीच नव्हती.

हे मला कळलं होतं. तरी अहवालात लिहिलं: थंडीत वाल्व चिकटून गिअर आपोआप पडतो. दुसरं काय लिहिणार? हंबीररावांनीही स्वतः पाहिलेलं कोर्टात सांगितलं. माणूस रागीट, पण खोटा नव्हता. धुळा सुटला.

कोर्टाच्या व्हरांड्यात हंबीररावांनी माझा हात धरला. "आता चालू करत न्हाई तिला. पर लालाचा लय जीव हुता गाडीवर. रोज सकाळी मीच पुसून ठिवतो. इंजान बंद असलं म्हंजी भ्या न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

ते गेल्यावर धुळाला घेऊन मी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहाला बसलो. तो फार वाळला होता. कप तसाच ठेवून म्हणाला, "मिस्त्री, वाल्व चिकटला म्हनून लिवलं तुमी. खरं हाय का?"

"तू सुटलास ना?"

"व्हय. पर त्या दिशी मी गाडीत बसलोच न्हवतो. शेडचं दार उगडाय निगालो हुतो. चावी माज्या हातात हुती."

"मग इंजिन चालू होतं असं का सांगितलंस?"

"फौजदारानं तसंच इचारलं, म्या व्हय म्हनलं. बंद गाडी चालून आली म्हनलं असतं, तर कुनी मानलं असतं का?"

समोर कडेगावची एसटी उभी होती. हंबीरराव पायरी चढत होते. मी उठलो. धुळानं माझं मनगट धरलं. अहवाल खोटा ठरला की त्याला पुन्हा आत घालणार, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

मी खाली बसलो.

एसटी निघाली. खिडकीतून हंबीररावांनी आम्हां दोघांना बघितलं आणि हात केला.