‘माझ्या राणी’ आणि बटाट्याची मालकी

हेस्टर व्हिटकॉमने जॅगो पॅस्को नावाच्या भाजीवाल्याला भर दुकानात, रांगेतल्या गिऱ्हाइकांसमक्ष जिंकलं आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. पण ते तूर्त विसरा. असं काही अजून घडलेलंच नाही. सध्या कॉर्नवॉलमधल्या पेनवॉरा गावात आडवा पाऊस पडतोय, आणि छत्री उलटी झालेली हेस्टर समोर दिसेल त्या छपराखाली घुसते आहे. छप्पर भाजीच्या दुकानाचं निघालं.

“काय देऊ, माझ्या राणी?” आतून आवाज आला.

हेस्टर कानापर्यंत लाल झाली. ती लंडनजवळच्या सरेची. तिथे शेजाऱ्याला नावाने हाक मारायलाही दहा वर्षं लागतात. हा उंच, ओल्या केसांचा, हातात कोबी धरलेला माणूस पहिल्या वाक्यातच तिला स्वतःची करून मोकळा झाला होता. ती काही बोलणार, तोच तो मागून आलेल्या म्हाताऱ्या पोस्टमनला म्हणाला, “ये रे, माझ्या राजा.” मग पोस्टमनच्या कुत्र्यालाही तेच म्हणाला.

ही इथली रीतच होती. हेस्टरला हायसं वाटलं. आणि का कोण जाणे, थोडा रागही आला. तो राग तिने पाटीवर काढला.

“तुमच्या पाटीवर ‘Potato's’, म्हणजे ‘बटाट्याचं’, असं लिहिलंय,” ती म्हणाली. “बटाट्याचं काय?”

“ऐंशी पेन्स.”

“तसं नव्हे. हे शेवटच्या s आधीचं वरचं टिंब, अपॉस्ट्रॉफी, आहे ना, ते मालकी दाखवतं. जॅगोचं दुकान, पोस्टमनचा कुत्रा. नुसते बरेच बटाटे असतील तर ते लागत नाही. तुम्ही बटाट्याला मालक केलंय.”

“करू दे की,” जॅगो गंभीरपणे म्हणाला. “जन्मभर मातीत होता बिचारा.”

तिने ओल्या बोटाने ते चिन्ह पुसलं. गावातल्या शाळेत नऊ वर्षांच्या मुलांना ती हेच शिकवायला आली होती, त्यामुळे यात वावगं असं तिला काही वाटलं नाही. त्याला मात्र बरंच काही वाटलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सलगम मालक झाले होते. तिसऱ्या दिवशी कांद्यांनी ताबा घेतला. शाळेतून येताना ती रोज थांबायची, रोज पुसायची, आणि तो रोज निरागस चेहऱ्याने विचारायचा की मग नेमकं कोणाचं काय असतं. एकदा त्याने ‘दुकान बंद’ या पाटीवरही ते चिन्ह ठोकलं. शेजारी पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्या, विकणाऱ्या ट्रेम्बाथबाईंनी शेवटी हेस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, की त्याची आई त्याच शाळेत बाई होती, आणि हे पोरगं झोपेतसुद्धा व्याकरण चुकत नाही.

हेस्टर दिवसभर उगाच हसत राहिली.

ऑक्टोबरात ते दोघं बंदराच्या कठड्यावर बसून केशराचा एकच पाव खात होते. दोघांचे हात एकाच तुकड्याकडे गेले… आणि तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, तर तो म्हणाला, “बोला, मिस व्हिटकॉम.”

राणी गेली. आणि पाटी—पाटी बिनचूक होती. सहा भाज्या, चूक एकही नाही. इतकी निर्दय पाटी तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

आठवडाभर मिस व्हिटकॉमच चाललं. त्यातच सरेहून पत्र आलं. तिथल्या शाळेत जागा होती, उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. इथे आपण कोणाच्याच कोणी नाही, तर राहायचं कशाला, असं स्वतःला बजावत ती शुक्रवारी सकाळी निरोप घ्यायला गेली.

दुकानात रांग होती. जॅगोने पाद्रीबुवांना राजा म्हटलं. ट्रेम्बाथबाईंना राणी म्हटलं. वीज कंपनीच्या माणसाला, जो पुरवठा तोडायची सूचना घेऊन आला होता, त्यालासुद्धा राजा म्हटलं. मग हेस्टरची पाळी आली.

“बोला, मिस—”

“पुरे,” ती म्हणाली. सरेत असं कोणी बोलत नाही. “त्या वीजवाल्याला ‘माझ्या’ म्हणता तुम्ही. मीच काय पाप केलंय?”

जॅगोने हातातलं गाजर खाली ठेवलं. परत उचललं.

“त्यांना म्हणतो, कारण… त्यात काही नसतं. तुम्हाला म्हणायला गेलो की असतं. जीभच अडते.” त्याने मान खाली घातली. “आणि जे आपलं नाही, त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही. चार महिने तुम्ही हेच तर शिकवलंत.”

“आणि पाटी?”

“मुद्दाम चुकत होतो. बंदरावरच्या त्या दिवसानंतर तुमच्याशी खोटं वागवेना.”

वीजवाल्याने टोपी काढली.

“आपलं नसेल,” हेस्टर हळूच म्हणाली, “तर मालकाला विचारायचं असतं.”

“मालक… कोण?”

“मीच.”

“विचार रे बाबा,” ट्रेम्बाथबाई म्हणाल्या. “माझ्या पेस्ट्या करपतायत.”

त्याने विचारलं. गाजर हातात धरूनच विचारलं. पण कुठेही न अडखळता, तिच्या डोळ्यांत बघत, ‘माझी’ या शब्दावर नीट जोर देऊन. हेस्टर म्हणाली, “हो. आणि तू माझा. तेही लिहून घे.” आणि ती काउंटरला वळसा घालून थेट आत गेली. पाद्रीबुवांनी टाळ्यांना सुरुवात केली. सरेच्या शाळेला दुपारी नकार गेला.

आनंदाच्या भरात जॅगोने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “तुला काय देऊ, माझ्या राणी?” हेस्टरने तिथल्या तिथे कागद ओढून अर्ज लिहायला घेतला:

तरी पेनवॉरा ग्राम परिषदेस सविनय विनंती की, ‘माझ्या राणी’ हे संबोधन आजपासून गावच्या हद्दीत, सर्व दुकाने, बंदर व चर्चसह, श्रीमती हेस्टर व्हिटकॉम यांच्यापुरते कायमस्वरूपी राखीव ठेवण्यात यावे, आणि इतर सर्व रहिवाशांनी यापुढे ‘नमस्कार’ एवढ्यावरच भागवावे.